मालमोटारीची बखर

सांगलीच्या बाजारात आज 'पिकअप' म्हटले की पहाटेच्या अंधारात भाजीचे क्रेट भरून धावणारी पांढरी गाडी डोळ्यांसमोर येते. माझ्या अंगणात गेली काही वर्षे उभी असलेली पिकअप त्या गाडीची आजी शोभावी अशी आहे. गोल बोनेट, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, मधोमध दांडी असलेली दोन तुकड्यांची पुढची काच, आणि मागे सागवानी फळ्यांचा हौदा. ही शेवरोले १९५१ सालची आहे. ती मी घरच्या घरी, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करतो आहे.

हा लेख त्या छंदाचा असला तरी त्यातून निघालेला प्रश्न इतिहासाचा आहे. जुनी वस्तू 'मूळ रूपात' आणायची म्हणजे नेमकी कोणत्या दिवसाच्या रूपात? कारखान्यातून निघाली त्या दिवसाच्या, की शेवटचे ओझे वाहिले त्या दिवसाच्या? मधल्या काळात तिला जिवंत ठेवणाऱ्या हातांच्या खुणा जपायच्या, की घासून काढायच्या?

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कॉमर्स केले आणि एका कारखान्याच्या भांडार विभागात सव्वीस वर्षे सुट्या भागांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. कोणता भाग कोणत्या यंत्राचा, तो कधी बदलला आणि त्याच्या जागी काय बसवले, हे टिपून ठेवण्याची सवय तिथे लागली. पुढे संशोधनात तीच उपयोगी पडली.

वखारीतली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले आणि कितीतरी घरे, दुकाने, वखारी बुडाल्या. पूर ओसरल्यावर हळदीच्या एका जुन्या अडत व्यापाऱ्याच्या घराण्याने वखार रिकामी करायला काढली. माझी त्यांच्याशी जुनी ओळख. मदतीला गेलो तेव्हा सडलेल्या पोत्यांमागे ही गाडी दिसली. चाके जमिनीत रुतलेली, टपावर चिखलाचा थर. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता. त्याच भावाने मी ती घेतली. घरी आणली तेव्हा बायको एवढेच म्हणाली, "अहो, आता हिला झाकायला ताडपत्री कुठली आणणार?" तो प्रश्न व्यवहाराचा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

गाडीबरोबर त्या घराने तीन भिजलेल्या खतावण्या दिल्या. त्या पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवायला महिना लागला. व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीत बदलते, त्यामुळे प्रत्येक वही लक्ष्मीपूजनाच्या पूजेने सुरू होते आणि पहिल्या पानावर संवत लिहिलेला असतो. त्या वह्यांत 'मोटारखर्च' नावाचे एक खाते होते. माझ्या अभ्यासाची एक बाजू या वह्यांची आहे आणि दुसरी प्रत्यक्ष लोखंडाची. पुढे जे लिहितो आहे ते या दोन साधनांना एकमेकांशी ताडून पाहत लिहितो आहे.

पिकअपचा जन्म

आधी या जातीच्या गाडीचे कुळ पाहू. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. ती माणसांसाठी होती, पण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी तिला लवकरच कामाला जुंपले. मागची बैठक काढायची आणि तिथे घरीच केलेली लाकडी पेटी बसवायची, की दुधाचे कॅन, धान्य, कोंबड्यांचे खुराडे काहीही जाई. फोर्डने १९१७ मध्ये एक टन वाहणारी चॅसिस विकायला काढली, तरी तिच्यावरचा हौदा गिऱ्हाईकाने दुसरीकडूनच करून घ्यायचा असे. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी जाहीर केली. किंमत २८१ डॉलर. पहिल्याच वर्षात ३३ हजारांहून अधिक गाड्या खपल्या. पोलादी हौद्याची लांबी ५६ इंच होती आणि मागची फळी उघडून खाली सोडता येई.

म्हणजे पिकअप ही कल्पना आधी शेतकऱ्याच्या गोठ्यात जन्मली आणि मग कारखान्यात गेली. घरी बसून गाडीत फेरफार करणे हा या जातीचा जन्मस्वभाव आहे, आणि त्यामुळेच तिच्या बाबतीत 'मूळ रूप' हा शब्द जपून वापरावा लागतो.

शिवडीची जुळणी

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. पेट्यांत भरून आलेले भाग इथे जोडून मोटारी आणि मालगाड्या तयार होत. फोर्डही त्याच दशकात मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे आली. १९२८ हेच बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते समितीच्या अहवालाचे वर्ष. रस्ते हा केवळ स्थानिक मंडळांचा प्रश्न नसून केंद्राने त्यासाठी निधी उभारावा, असे त्या समितीने सांगितले आणि पुढच्याच वर्षी पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. मोटार आली, रस्त्याला पैसा आला, आणि बैलगाडी ते रेल्वे या दोन टोकांच्या मध्ये मालमोटारीने आपली जागा केली.

देशी कारखान्यांची धडपडही याच मुंबईतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याखालच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९४९ मध्ये माझगावला महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण पालटले. नुसती जुळणी नको, भाग इथेच घडवा, असा आग्रह धरला गेला. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्यांच्याकडे भाग बनवण्याची योजना नव्हती त्यांना इथे जागा उरली नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम बंद केले. फोर्डनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला.

आमच्या गाडीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की १९५१ ची गाडी तीन वर्षांत पोरकी झाली. सुटे भाग आणायचे तर आयातीचा परवाना हवा, आणि एका अडत व्यापाऱ्याच्या जुन्या गाडीसाठी परकीय चलन कोण देणार? तिथून पुढे ती चालली ती सांगली-मिरजेच्या मिस्त्रींच्या जिवावर.

जन्मतारीख कशी काढली

गाडीचे नोंदणीपुस्तक पुरात गेले. मुंबई राज्याच्या काळातला, बी-वाय अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक तेवढा मागच्या फळीवर रंगाखाली सापडला. इंजिनकप्प्याच्या पत्र्यावर कारखान्याची पट्टी होती, तिची आता फक्त खिळ्यांची भोके उरली आहेत. मग वर्ष १९५१ हे कशावरून?

शेवरोलेने ही घडण १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आणली आणि १९५५ पर्यंत चालवली. आठ वर्षांत चेहरा जवळपास तोच राहिला, पण लहानसहान गोष्टी बदलत गेल्या. पेट्रोलची टाकी १९४९ पासून केबिनमध्ये बैठकीमागे आली. या गाडीत ती तिथेच आहे, म्हणजे गाडी त्याआधीची नाही. दाराच्या काचेपुढची फिरणारी त्रिकोणी काच १९५१ पासून आली, तीही हिला आहे. १९५२ मध्ये दाराची मूठ बदलून दाबण्याच्या बटणाची झाली. हिची मूठ खाली फिरवायची आहे, म्हणजे गाडी त्यानंतरची नाही. ब्रेकची घडणही १९५१ मध्ये बदललेली, ती नव्या पद्धतीची आहे. १९५४ मध्ये पुढची काच अखंड झाली, हिची दोन तुकड्यांची आहे.

शेवटचा पुरावा इंजिनच्या बिडावर मिळाला. जनरल मोटर्सच्या ओतकामात तारीख लिहिण्याची पद्धत अशी: महिन्यासाठी इंग्रजी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. तारेच्या ब्रशने तासभर घासल्यावर 'ए २३ १' अशी अक्षरे उठून आली. २३ जानेवारी १९५१. भांडारात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटले ते सांगत बसत नाही. इंजिन मूळचे निघाले, एवढे पुरे.

थर

घरी गाडी उघडताना मी एक नियम पाळला. एकही बोल्ट काढण्याआधी छायाचित्र घ्यायचे आणि प्रत्येक काढलेल्या भागाला चिठ्ठी बांधायची. पहिल्या दोन महिन्यांत गाडी जागची हलली नाही, पण वही भरत गेली.

हौद्याच्या फळ्या उचलल्या तेव्हा चॅसिसवरच्या आडव्या लाकडांच्या सांध्यात पिवळी पूड घट्ट बसलेली होती. हळद. इतक्या वर्षांनी, पुरानंतरही, नखाने खरवडली की रंग उतरत होता. चॅसिसच्या पन्हाळीत कृष्णेच्या गाळाचे दोन थर होते, मध्ये गंजाची पापुद्र्यासारखी रेघ. वरचा थर २०१९ चा. खालचा २००५ च्या पुराचा असावा, त्या वर्षीही त्या वखारीत पाणी शिरल्याचे घरचे लोक सांगतात.

केबिनच्या तळाला ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा कुजून भोक पडले होते. त्यावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, कडा दुमडून, रिव्हेट मारून बसवलेला. उलट बाजूला डब्यावरची अर्धी अक्षरे अजून वाचता येतात. कार्ब्युरेटर भलत्याच गाडीचा आणि तो बसावा म्हणून लोखंडी पट्टी कापून, भोके पाडून, कानशीने घासून केलेला जोड. मागच्या पाट्यांत दोन पाने जास्तीची, म्हणजे गाडी अर्धा टनाची असली तरी तिने पुष्कळ जास्त ओझे वाहिले. मूळची सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची केलेली, पण पायाने दाबायचा स्टार्टर तसाच.

यातला प्रत्येक फेरफार हा एकेका अडचणीला दिलेला जबाब आहे. पत्रा मिळत नव्हता म्हणून डबा, कार्ब्युरेटर मिळत नव्हता म्हणून जोड. परवाना-काळाचा आर्थिक इतिहास आपण अहवालांत वाचतो. त्याची दुसरी प्रत अशा गाड्यांच्या पोटात आहे आणि ती आपण किलोच्या भावाने विकत आलो.

बेरिंग ओतणावळ

सगळ्यांत महत्त्वाचा कागद इंजिनच्या आत होता. हे सहा सिलिंडरचे, २१६ घनइंचाचे म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे इंजिन. ताकद नव्वद अश्वशक्तीच्या आसपास. अमेरिकेत याला 'स्टोव्हबोल्ट' म्हणत, कारण याचे काही बोल्ट शेगडीच्या बोल्टसारखे दिसत. याची खासियत तेल देण्याच्या पद्धतीत आहे. आजच्या इंजिनात क्रँकमधूनच दाबाने तेल रॉडच्या बेरिंगपर्यंत पोचते. इथे रॉडच्या खाली चमच्यासारखा पत्रा असतो आणि तो फिरताना तळातल्या पन्हाळीतले तेल उचलून बेरिंगवर उडवतो. त्यामुळे तेलाचा दाब कमी दिसतो आणि नवख्या माणसाला इंजिन गेले असे वाटते.

रॉडची बेरिंगही सुटी मिळणारी नव्हेत. कथिल हा मुख्य घटक असलेला बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून रॉडमध्येच ओततात. मग लेथवर कापतात, क्रँकवर निळा रंग लावून रॉड फिरवून पाहतात, जिथे निळे लागले तो उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळे, पुन्हा खरवडणे. सगळीकडे सारखा रंग उठेपर्यंत हे चालते. वापराने ढिले झाले तर कॅपखालचा पातळ शिम काढून घट्ट करतात.

मी तेलाचा तळ उघडला तेव्हा सहाही रॉडच्या कॅपवर पंचाने मारलेल्या खुणा दिसल्या. पहिल्यावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, अशी मोजणी सगळेच करतात. पण इथे प्रत्येक मोजणीशेजारी एक छोटी तिरपी रेघ होती. सहाही ठिकाणी, एकाच कलाने. कारखाना असली रेघ मारणार नाही.

खतावणीत शोधले. संवत २०२५ च्या माघात, म्हणजे १९६९ च्या सुरुवातीला, मोटारखर्चात 'बेरिंग ओतणावळ, मिरज' अशी नोंद मिळाली. पुढे मजुरीचा आकडा. मिस्त्रीचे नाव नाही. हिशेबाच्या वहीत पेढीचे नाव येते, गिऱ्हाइकाचे येते, कारागिराचे बहुधा येत नाही.

मिरजेत चौकशी करत एका ऐंशी ओलांडलेल्या मिस्त्रींपर्यंत पोचलो. दोन्ही डोळ्यांचे मोतिबिंदूचे ऑपरेशन झालेले, हात थोडा थरथरतो. मी कॅप त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेलीच नाही, अंगठा फिरवला.

"ही रेघ कुठं घावली तुमाला?"

"शेवरोले आहे चाचा, सांगलीची. हळदवाल्यांची. तुमची खूण आहे का?"

"माझी न्हाई. वस्तादांची. ते डावखुरे हुते. म्हनून रेघ अशी उलटी पडती." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "ओतताना मी भट्टीवर हुतो. भाता माझ्याकडं हुता."

मी वस्तादांचे नाव विचारले, त्यांनी सांगितले. ते माझ्या वहीत आहे. त्यांच्या घरच्यांशी अजून बोलणे झालेले नाही, म्हणून इथे छापत नाही. पण एवढे नक्की, की अठरा वर्षे चाललेले, कारखान्याने वाऱ्यावर सोडलेले इंजिन मिरजेतल्या एका डावखुऱ्या माणसाने पुन्हा चालते केले आणि आपण ते केले अशी बारीकशी खूण ठेवली. ती खूण वाचणारे कदाचित एकच माणूस आता उरले आहे.

पाच बेरिंग अजून चांगली होती, तिसरे मात्र चिरले होते. ते पुन्हा ओतायचे ठरले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतून आणि लेथवर कापून मिळाले. खरवडण्याचे काम चाचांनी माझ्याकडून करून घेतले. ते शेजारी खुर्ची टाकून बसत. स्क्रेपरचा आवाज ऐकून म्हणत, "जोर नगं. धातू सांगतोय तेवढंच काढायचं." तीन रविवार गेले. शेवटी निळा रंग सारखा उठला तेव्हा त्यांनी पंच मागवला. तीन ठिपके मारले आणि पंच माझ्या हातात दिला. "रेघ मारू नका. ती त्यांची. तुमी तुमचं कायतरी दुसरं ठेवा." मी साधा गोल मारला.

का थांबली

गाडी थांबली कधी, हेही खतावणीने सांगितले. संवत २०३० ची वही १९७३ च्या दिवाळीत सुरू होते. त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि जगभर भाव भडकले. वहीत कार्तिकापर्यंत पेट्रोलच्या नोंदी नियमित आहेत. मग त्या विरळ होतात आणि त्यांच्या जागी 'टेम्पो भाडे' येऊ लागते. चैत्रानंतर मोटारखर्चाचे खाते कोरे आहे. गाडी बिघडली म्हणून नव्हे, खर्चात बसेना म्हणून उभी राहिली. त्या वर्षांत पुष्कळ मालकांनी पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवले. या घराने तसे केले नाही, गाडी नुसती वखारीत सरकवली. मूळ इंजिन वाचले ते असे, दुर्लक्षामुळे.

मूळ म्हणजे काय

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. जुन्या मोटारी जपण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत १९३० च्या दशकात संघटित झाला. आपल्याकडे 'स्टेट्समन' दैनिकाची दिल्लीतील रॅली १९६४ पासूनची. या सगळ्यात मान होता तो राजेरजवाड्यांच्या, बड्या लोकांच्या गाड्यांना. अमेरिकेत केवळ ट्रकच्या इतिहासासाठी मोठी संस्था निघायला १९७१ उजाडले. ओझे वाहणाऱ्या गाडीला वारसा म्हणायला तिकडेही वेळ लागला.

ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये 'ट्युरिन सनद' मान्य केली. जुन्या इमारतींसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा तिच्यावर ठसा आहे. ती वाहनाच्या इतिहासात घडलेल्या बदलांना पुरावा मानते आणि जतन आधी, नूतनीकरण नंतर असा क्रम लावते. शिवाय तिच्या कक्षेत मोटारी, दुचाक्या यांच्याबरोबर कामाची वाहनेही येतात.

आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. ही चांगली गोष्ट झाली, त्याआधी देशभर एकसारखी पद्धत नव्हती. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनाला दहा वर्षांची खास नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. प्रदर्शन, रॅली, संशोधन यांसाठी ती रस्त्यावर नेता येते, रोजच्या वा धंद्याच्या वापरासाठी नाही.

पण व्याख्येत दोन अडचणी आहेत. एक म्हणजे, हे नियम दुचाक्यांना आणि 'एम-१' वर्गातील चारचाकींना लागू आहेत. एम-१ म्हणजे प्रवासी मोटार. साडेतीन टनांपर्यंतची मालवाहू गाडी 'एन-१' वर्गात मोडते आणि तो वर्ग व्याख्येत नाही. दुसरी अडचण, वाहन मूळ रूपात असावे, चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये पांघरूण घालून ठेवलेली गाडी ही अट पुरी करील. बाजारात राबलेली गाडी कशी करणार? तिच्या मालकाला परकीय चलन मिळत नव्हते आणि मिस्त्रीला भाग मिळत नव्हते. धोरणानेच फेरफार करायला लावले आणि आता नियम तेच फेरफार मोजतो.

याच सुमारास जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. हवेच्या दृष्टीने ते गरजेचे आहे, माझा त्याला विरोध नाही. पण मोडीत जाणाऱ्या शेकडो गाड्यांत एखादी जपण्यासारखी असते, आणि ती मालगाडी असेल तर तिच्यासाठी नियमांत दार नाही. माझे म्हणणे माफक आहे. व्याख्येत एन-१ वर्ग घालावा. आणि मूळ रूपाची अट लावताना, ठरावीक काळाआधी झालेला, पुराव्याने दाखवता येणारा फेरफार दोष न मानता इतिहास मानावा. अशा गाड्या वर्षातून चार-सहा वेळा निघतील. त्याने हवेवर आणि वाहतुकीवर कितीसा भार पडणार?

काय ठेवले, काय बदलले

शेवटी मी काय केले ते सांगतो, कारण असे काम घरी काढणारे इतर कोणी असतील तर त्यांना उपयोग होईल. जिवाशी संबंध आहे ते सगळे नवे केले: ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, टायर. ब्रेकचे जुने अस्तर काढताना हवेचा झोत मारला नाही, कारण त्या काळच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून धूळ पिशवीत बंद केली. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडा घासला नाही, पाणी मारत पॉलिश पेपर चालवला. जाम झालेल्या सिलिंडरांत रॉकेल आणि तेल घालून पंधरा दिवस थांबलो, मग हँडलने इंचाइंचाने फिरवले. गंजलेले छोटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ केले, उघड्यावर, आणि स्टेनलेसचा तुकडा न वापरता, कारण त्यातून विषारी क्रोमियम सुटते. पेट्रोलच्या जुन्या टाकीला मात्र घरी हात लावू नये. वाफ रिकाम्या टाकीतही उरते आणि एका ठिणगीत घात होतो.

सागवानी हौदा ठेवला. सडलेल्या दोन फळ्या बदलल्या आणि त्यांच्या आतल्या बाजूला वर्ष कोरले. रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठेवला, त्याखाली आधाराला नवा पत्रा दिला. कार्ब्युरेटरचा जोड ठेवला. पाट्यांची जास्तीची पाने ठेवली. बाहेरून लांबी भरून, नवा रंग मारून गाडी आरशासारखी करता आली असती. पेंटर तर मागेच लागला होता. मी जुना फिका हिरवा रंग जिथे तग धरून आहे तिथे तो तसाच राहू दिला. सांध्यातली थोडी हळद एका बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवली आहे.

आणि एक नोंदवही केली. एका रकान्यात सापडले काय, दुसऱ्यात केले काय, तिसऱ्यात कोणी केले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात वस्तादांचे नाव १९६९ च्या ओळीत आहे, चाचांचे दोन ओळींत.

रस्त्यावर न्यायला कागद नाहीत, त्यामुळे गाडी अंगणाबाहेर जात नाही. गेल्या दिवाळीत पाडव्याला चाचांना रिक्षाने आणले. पायाने स्टार्टर दाबला, तिसऱ्या खेपेला इंजिन धरले. तेलाच्या काट्याने थोडे अंग हलवले आणि तो खालीच स्थिरावला. मी चाचांकडे पाहिले. ते बोनेटवर तळहात ठेवून ऐकत होते. "तिसरं बरं बोलतंय," म्हणाले, आणि बायकोने आणलेल्या फराळाच्या ताटाकडे वळले.

वाचकांपैकी कोणाच्या वाड्यात, वखारीत, शेतावरच्या छपराखाली अशी एखादी गाडी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक दिवस काढावा. क्रमांकाचे, इंजिनवरच्या अक्षरांचे, दुरुस्तीच्या जागांचे फोटो घ्यावेत. घरातल्या जुन्या वह्यांत 'मोटारखर्च' शोधावा. गावातल्या वयस्क मिस्त्रींना एकदा आणून दाखवावी. गाडी ठेवणे प्रत्येकाला जमणार नाही. निदान तिसरा रकाना भरून ठेवावा.